पाठींची भिंत: ‘घाशीराम कोतवाल’च्या प्रयोगांची गोष्ट

(अंधार. मृदंगाचा ठेका. हळूहळू उजेड. धोतरं, जानवी, कपाळी गंध.)

बारा माणसं ओळीत उभी आहेत. गणपतीला नमन चाललंय. माणसं गातायत, डुलतायत. मग ओळ वळते. प्रेक्षकांकडे पाठ होते आणि त्या पाठींचीच भिंत तयार होते. भिंतीपलीकडे काय चाललंय ते सगळ्या पुण्याला ठाऊक असतं. बघितलं मात्र कुणीच नसतं.

१६ डिसेंबर १९७२. सदाशिव पेठेतलं भरत नाट्य मंदिर. संस्था प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, म्हणजे पुणेकरांची ‘पीडीए’. नाटककार विजय तेंडुलकर. दिग्दर्शक जब्बार पटेल, पेशानं लहान मुलांचे डॉक्टर. संगीत भास्कर चंदावरकरांचं, नृत्यं कृष्णदेव मुळगुंदांची. नाना फडणवीस झाले होते मोहन आगाशे आणि घाशीराम रमेश टिळेकर. सगळी हौशी मंडळी. दिवसा कॉलेज, नोकरी, दवाखाना, संध्याकाळी तालीम.

गोष्ट पेशवाईतली. परगावचा एक ब्राह्मण पुण्यात येतो, चोरीचा आळ येऊन मार खातो, अपमानित होतो. सूड घ्यायचा म्हणून आपली कोवळी मुलगी नानांच्या पुढ्यात ठेवतो आणि बदल्यात पुण्याची कोतवाली मागतो. नाना देतात. का देतात? तर शहराच्या शिव्याशाप कोतवालानं खायचे, फायदा नानांचा. पुढे लोक खवळतात, तेव्हा त्याच नानांच्या सहीनं घाशीराम जमावाच्या हवाली होतो.

(पुण्याचा जुना नकाशा. पेठा.)

खरा घाशीराम सावळदास पुण्याचा कोतवाल होता. १७९१ मध्ये त्यानं कोंडून ठेवलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले, शहर पेटलं आणि जमावानं त्याला दगडांनी ठेचून मारलं. एवढा इतिहास. मुलीचा सौदा तेंडुलकरांचा. हे ऐतिहासिक नाटक नव्हे, असं त्यांनी स्वतःच बजावून ठेवलं होतं. सत्ता आपल्या सोयीसाठी असे घाशीराम कसे वाढवते, हे त्यांना सांगायचं होतं, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर होतं ते सत्तरच्या आसपासचं राजकारण. पण नाटकात नाव नानांचं, गाव पुणं आणि नाचणारे ब्राह्मण. बजावून काय उपयोग?

बरं, नाचही साधासुधा नाही. एका अंगानं कीर्तन, दुसऱ्या अंगानं लावणी. तीच ओळ हरिनाम घेत घेत बावनखणीकडे, म्हणजे कलावंतिणींच्या वस्तीकडे वळते. तुम्ही टाळ्या वाजवता आणि मग लक्षात येतं, आपण कशाला टाळ्या वाजवतोय. माझ्या मते नाटक झोंबलं ते इथे. रुक्ष संवादात हेच सांगितलं असतं, तर चार अग्रलेख येऊन विषय मिटला असता.

नाना फडणविसांची बदनामी, ब्राह्मणांची नालस्ती. आरोप वाढत गेले. एकोणीस प्रयोग झाले आणि पीडीएचे अध्यक्ष भालबा केळकर यांनी नाटक थांबवलं. भालबांना आज खलनायक ठरवणं सोपं आहे. पण ही पोरं रंगमंचावर उभं राहायला शिकली ती त्यांच्याच हाताखाली. आपल्याच घरात हे नाटक नको, असं घरातल्या वडीलधाऱ्यानं म्हणावं, तसं ते होतं.

पोरं घराबाहेर पडली. २७ मार्च १९७३ ला, जागतिक रंगभूमी दिनी, थिएटर अकॅडमी स्थापन झाली. जानेवारी १९७४ मध्ये घाशीराम पुन्हा उभा राहिला.

इथे एक व्यवहाराची गोष्ट. दोन-तीन पात्रांचं नाटक असतं तर एखादा नट बदलून, एखादा पडदा गुंडाळून कुठेही नेता आलं असतं. इथे पडदाच माणसांचा. एक जण आजारी पडला तर भिंतीला भोक! ती ओळ एका श्वासात गाणारी, एका तालात वळणारी माणसं वर्षानुवर्षं टिकवायची, तीही हौशी. सतीश आळेकर, चंद्रकांत काळे, रवींद्र साठे, आनंद मोडक ही नावं पुढे ज्यांच्या त्यांच्या कामानं मोठी झाली. ती सगळी या नाटकाच्या मांडवाखालून गेलेली.

दिल्लीत राजिंदर नाथांनी १९७३ मध्येच वसंत देवांच्या अनुवादातून ते हिंदीत केलं. १९७६ मध्ये चित्रपट आला. त्यात घाशीराम ओम पुरी, नाना मात्र आगाशेच.

(विमानतळ. सामानाच्या पेट्या, ढोलक्या.)

१९८०. बर्लिनच्या महोत्सवाचं बोलावणं आलं आणि जुनं भांडण नव्यानं पेटलं. घरात एक वेळ चालेल, परदेशात आपली अब्रू काढायची? प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं. तोडगा निघाला तो असा, की प्रयोगाआधी खऱ्या नानांबद्दल एक निवेदन वाचायचं. आत्ता तुम्ही ऐकताय, तसंच काहीसं. निवेदन झालं की मृदंग वाजायचा आणि ओळ डुलायला लागायची.

१९९२ च्या सुमारास थिएटर अकॅडमीचे प्रयोग थांबले. तोवर ओळीतल्या पहिल्या पोरांचे केस पिकायला लागले होते. दुसऱ्या भाषांत, दुसऱ्या संस्थांत घाशीराम चालूच राहिला. २०२५ मध्ये तो हिंदीत पुन्हा आला, नाना झाले संजय मिश्रा.

(रिकामा रंगमंच. तालमीचे कपडे घातलेली मुलं ओळीत उभी राहतायत.)

तालमीत सगळ्यात आधी वळायलाच शिकवतात. खांद्याला खांदा. मधे फट दिसता कामा नये.

(ओळ वळते. पाठ. अंधार.)