टाकीपासून टेबलापर्यंत

काचेपलीकडे स्टीलच्या उंच टाक्या, अलीकडे नळांची रांग, मधे जेमतेम दहा-बारा पावलं. टॅपरूम म्हणजे मुळात एवढंच: बिअर जिथे तयार होते, तिथेच बसून ती प्यायची.

सकाळीच नवा घाणा चढलाय. मोड आणून वाळवलेली बार्ली, म्हणजे माल्ट, भरडून साधारण ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवली आहे. पाणी फार तापलं, तर पिष्टाची साखर करणारी एन्झाइम्स निकामी होतात, म्हणून ब्रूअरची, म्हणजे बिअर बनवणाऱ्याची, नजर थर्मामीटरवरून हलत नाही. खाली उतरलेलं गोड पाणी हॉप्सच्या फुलांबरोबर खळखळून उकळतं आणि कडवटपणा घेतं. ते निवलं की यीस्ट घालायचं. जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांताच्या १५१६ सालच्या नियमात बिअरसाठी पाणी, बार्ली आणि हॉप्स एवढीच नावं होती. यीस्टचं नाव त्यात नाही, आणि साखरेचं मद्य करण्याचं खरं काम तर तेच करतं.

आता नळाकडे या. ग्लास पाण्यानं विसळतात, तिरका धरतात, अर्ध्याहून जास्त भरला की सरळ करतात. वर जमलेला फेस बघा. बार्लीतली प्रथिनं आणि हॉप्समधली कडू द्रव्यं मिळून तो धरून ठेवतात. काचेला किंचित तेलकटपणा राहिला, तरी फेस लगेच बसतो. घोटामागून घोट घेताना आतून फेसाची कडी उमटत गेली, तर समजायचं ग्लास स्वच्छ धुतलाय.

ग्लास घेऊन मागच्या अंगणात जाऊ, पण उन्हातलं टेबल सोडा. हॉप्समधल्या कडू द्रव्यांवर ऊन पडलं की गंधकाचं एक संयुग तयार होतं आणि बिअरला उग्र दर्प येतो. काचेच्या ग्लासात हे काही मिनिटांत घडू शकतं. बाटल्या तपकिरी असतात त्या याचसाठी. ज्यांनी या अंगणावर दाट झाड जपलं, त्यांनी माणसांइतकीच बिअरचीही काळजी घेतली आहे.

बिअर गार्डनचा, म्हणजे उघड्यावर बसून बिअर प्यायच्या अशा अंगणाचा, जन्मच सावलीत झाला. बव्हेरियात १५३९पासून २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बिअर बनवायला बंदी होती. उन्हाळ्यात भट्ट्यांमुळे आगी लागायच्या आणि उष्म्यानं बिअर नासायची. मग वसंतातच जास्तीचा साठा करून तो तळघरांत ठेवत. तळघर थंड राहावं म्हणून वर खडी पसरत आणि चेस्टनटची झाडं लावत: पानं रुंद, मुळं उथळ, छताला धोका नाही. खाली गार बिअर, वर गर्द सावली. लोक येऊन बसणारच! म्युनिचमधल्या खानावळवाल्यांचा धंदा बसू लागला, त्यांनी तक्रार केली. ४ जानेवारी १८१२ रोजी राजा पहिला मॅक्सिमिलियन यानं तोडगा काढला: ब्रूअरनी जून ते सप्टेंबर तळघरापाशी आपली बिअर खुशाल विकावी, पण खायला ब्रेडखेरीज काही देऊ नये. लोक घरून डबे आणू लागले. ती मुभा तिथल्या बिअर गार्डनमध्ये आजही आहे.

इथे मात्र स्वयंपाकघर आहे, आणि ते उत्तमच. रिकाम्या पोटी पिऊ नये. कडवट बिअरबरोबर तळलेलं, खारट चांगलं लागतं. भाजक्या माल्टच्या काळ्या बिअरला भाजलेल्या पदार्थांची किंवा चॉकलेटची सोबत जमते. घाण्यातून उरलेला बार्लीचा चोथा बहुतेक गुरांना जातो, पण वाळवून, दळून त्याचा ब्रेडही करतात. मिळाला तर जरूर मागवा: चवीला खरपूस, दाताखाली भरड.

वस्तीत राहायचं, तर शेजाऱ्यांचाही विचार हवा. १९९५ साली म्युनिचमध्ये एक बिअर गार्डन लवकर बंद करण्याच्या निर्णयाविरुद्ध हजारो लोक रस्त्यावर उतरले. त्यातून पुढे १९९९ साली बव्हेरियात नियम झाला: दहाला संगीत थांबवायचं, अकराला गार्डन बंद. शेजारच्या घरात झोपलेलं मूल आणि अंगणात रंगलेल्या गप्पा, दोघांचाही मान राखणारा हा नियम आम्हाला मनापासून पटतो.

आणि गाडी चालवणाऱ्यानं पहिल्यापासूनच बिनदारूचं पेय मागवावं. चांगल्या टॅपरूममध्ये तेही तितक्याच निगुतीनं ओतून देतात.