सतरा नंबर

(दृश्य: सकाळ. टस्कलूसा, अलाबामा विद्यापीठ. लाल विटांचा घंटांचा मनोरा. कॅमेरा कळसावरून सावकाश खाली, पायथ्याच्या काँक्रीटवर.)

निवेदन:
हा डेनी चाइम्स. 115 फूट उंच, 1929 सालचा. पण इथे येणारा माणूस मान वर करत नाही. तो खाली बघतो.

पायथ्याशी काँक्रीटच्या चौकोनांत पंजे उमटलेत, बुटांचे ठसे उमटलेत. अलाबामाच्या फुटबॉल संघाच्या कर्णधारांचे. दरवर्षीच्या कर्णधारांसाठी काँक्रीट ओलं असतानाच हात दाबून घेतात.

(दृश्य: एक लहान मुलगा उकिडवा बसून ठशात आपला हात ठेवतो. बोटं पेरभर आखूड पडतात. तो हात ताणतो.)

(निवेदन नाही.)

(दृश्य: 2015 सालचे ठसे, अगदी जवळून.)

2015. राष्ट्रीय विजेतेपदाचं वर्ष. जेक कोकर, क्वार्टरबॅक. डेरिक हेन्री, रनिंग बॅक. रेगी रॅगलँड, लाइनबॅकर. तिघांचे हात इथे आहेत.

ज्याच्यासाठी आम्ही इथवर आलो, त्याचा हात इथे नाही.

(शीर्षक पडद्यावर: सतरा नंबर)

(दृश्य: सामन्याचा शनिवार. हिरवळीवर तंबूच तंबू. शेगड्यांचा धूर. किरमिजी रंगाचा समुद्र.)

निवेदन:
ब्रायंट-डेनी स्टेडियममध्ये एक लाखाहून जास्त माणसं बसतात. सामना सुरू व्हायला अजून कितीतरी तास आहेत, पण तंबू पडलेत, मांस भाजायला लागलंय, आणि ओळख असो नसो, समोरून येणाऱ्याला एकच रामराम घातला जातो: ‘रोल टाइड’.

(दृश्य: गर्दीतल्या पाठी. जर्सीवरचे आकडे. 17 वर कॅमेरा थांबतो. कापड विटलेलं, आकड्याची कड उसवलेली.)

सतरा. हा नंबर पुढे जेलन वॉडलने घातला, त्यामुळे अंगावर कोऱ्या सतराची जर्सी दिसली की ती वॉडलची धरावी. पण अशी धुऊन धुऊन विटलेली जर्सी दिसली, तर तो माणूस बहुधा दुसऱ्याच सतराचा. केन्यन ड्रेकचा.

(दृश्य: सरावाची फिल्म. चेंडू रनिंग बॅकच्या पोटाशी दिला जातो. मंद गतीत.)

निवेदन:
हा खेळ आपल्या फुटबॉलपेक्षा वेगळा. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो हातात धरून पळायचं. चार प्रयत्नांत दहा यार्ड काढले तर डाव चालू राहतो, नाहीतर चेंडू समोरच्यांकडे जातो.

चेंडू फेकणारा किंवा हाती देणारा तो क्वार्टरबॅक. त्याच्या मागे किंवा बाजूला उभा असतो तो रनिंग बॅक. चेंडू त्याच्या पोटाशी खुपसला जातो आणि तो सव्वाशे-दीडशे किलोच्या माणसांच्या भिंतीत शिरतो. हे बघा, चेंडू कसा धरलाय. एक टोक बोटांत, दुसरं कोपराच्या खोबणीत, बाकीचा बरगडीशी दाबलेला. समोरचा हातावर ठोसे मारतो, चेंडू उपसायला बघतो. तो सुटला, तर पुढच्या वेळी चेंडू दुसऱ्याच्या हाती.

आणि अलाबामात तो ‘दुसरा’ नेहमी तयार असतो.

(दृश्य: संग्रहातली चित्रफीत, 2012.)

ड्रेक जॉर्जियातल्या पावडर स्प्रिंग्जचा, हिलग्रोव्ह हायस्कूलचा. 2012 साली तो टस्कलूसात आला तेव्हा त्याच्या पुढे रांगेत एडी लेसी आणि टी. जे. येल्डन होते. पुढच्या वर्षी लेसी व्यावसायिक लीगमध्ये गेला, येल्डन राहिला, आणि डेरिक हेन्री दाखल झाला. सहा फूट तीन इंच, एकशेदहा किलोच्या आसपास. म्हणजे एक पुढचा सरकला की मागून दुसरा येऊन उभा. चार वर्षं हेच.

(दृश्य: 2013 चे तुकडे. एकामागून एक धावा. आकडे पडद्यावर.)

2013. धावा, म्हणजे चेंडू घेऊन पळण्याच्या खेपा, 92. यार्ड 694. टचडाऊन, म्हणजे समोरच्यांच्या गोलरेषेपार चेंडू नेणं, 8. दर धावेमागे साडेसात यार्ड. दर धावेमागे पाच पडले तरी प्रशिक्षक खूश असतात, तिथे साडेसात. तरीही पहिला मान येल्डनचाच होता.

एक गोष्ट इथे नोंदवली पाहिजे. दोषी कुणालाच ठरवायचं नाही. अलाबामाचे तेव्हाचे प्रशिक्षक निक सेबन चेंडू कुणाच्या हाती द्यायचा हे उगाच ठरवत नसत. येल्डन भरवशाचा होता. हेन्री तर पुढे हाइझमन ट्रॉफी घेऊन गेला, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला. पण ज्याला थोडंच मिळालं, त्याने त्या थोड्याचं काय केलं, तेही मोजायला हवं.

(दृश्य: 20 सप्टेंबर 2014. फ्लोरिडाविरुद्ध, ब्रायंट-डेनी. अलाबामाची आक्रमणातली पहिलीच चाल.)

निवेदन:
पहिली चाल. क्वार्टरबॅक ब्लेक सिम्सने चेंडू ड्रेककडे फेकला.

(निवेदन थांबते. स्टेडियमचा मूळ आवाज.)

87 यार्ड. माणसं अजून जागेवर बसायची होती.

(दृश्य: पडदा काळा. फक्त तारीख: 4 ऑक्टोबर 2014, ऑक्सफर्ड, मिसिसिपी.)

बरोबर दोन आठवड्यांनी ऑक्सफर्डमध्ये त्याचा पाय मोडला. ते चित्रण आमच्याकडे आहे. दाखवत नाही.

अलाबामा तो सामना 23-17 असा हरलं. ड्रेकचं वर्ष संपलं. त्या वर्षीच्या धावा: 22.

(दृश्य: रिकामं स्टेडियम. हिरवळीवर पांढरे पट्टे मारणारा कामगार.)

निवेदन:
इथे त्या काळाचा नियम सांगायला हवा. आज कॉलेजचा खेळाडू नाराज झाला तर पोर्टलवर नाव टाकतो आणि दुसऱ्या विद्यापीठात जातो. ही सोय 2018 साली आली. नाव वापरू देण्याचे पैसे 2021 पासून मिळायला लागले. ड्रेकच्या वेळी संघ बदलला तर साधारणपणे वर्षभर बाहेर बसावं लागे. दुसरी वाट म्हणजे शेवटचं वर्ष सोडून थेट व्यावसायिक लीगच्या निवडीला उभं राहायचं. ती त्याला उघडी होती.

तो परत आला. त्याच संघात, त्याच रांगेत, हेन्रीच्या मागे.

चाहत्यांचा जीव इथे जडला. आपल्याकडे पद्माकर शिवलकरांचं नाव आजही आदराने घेतलं जातं. 589 प्रथम श्रेणी बळी, आणि पुढे बिशनसिंग बेदी, त्यामुळे एकही कसोटी नाही. ज्यांनी शिवलकरांसाठी हळहळ केली, त्यांना टस्कलूसातला हा जिव्हाळा वेगळा समजावून सांगायला नको.

(दृश्य: 2015. हेन्री धावतोय. पुन्हा हेन्री. पुन्हा हेन्री. कडेला हेल्मेट हातात धरून उभा सतरा नंबर.)

2015 साली हेन्रीच्या धावा 395. यार्ड 2219.
ड्रेकच्या धावा 77. यार्ड 408.

सामन्यामागे जेमतेम पाच-सहा वेळा चेंडू हाती. बाकी वेळ काय करायचं? रिसीव्हरच्या जागी उभं राहून झेल घ्यायचे, किकऑफला, म्हणजे समोरचे चेंडू लाथेने लांब पाठवतात तेव्हा, आपल्या गोलापाशी जाऊन थांबायचं. संघाला लागेल ते.

14 नोव्हेंबरला, मिसिसिपी स्टेटविरुद्ध, त्याचा हात मोडला. ऑबर्नविरुद्धच्या मोठ्या लढतीत तो नव्हता आणि हेन्रीला त्या दिवशी 46 वेळा धावावं लागलं. मागचा माणूस नसला की पुढच्याच्या खांद्यावर किती येतं, ते त्या एका आकड्यात दिसतं.

(दृश्य: 11 जानेवारी 2016. ग्लेनडेल, ॲरिझोना. वरून दिसणारं झाकलेलं स्टेडियम. राष्ट्रीय अजिंक्यपदाचा सामना. अलाबामा विरुद्ध क्लेमसन.)

निवेदन:
हात मोडून दोन महिनेसुद्धा झाले नव्हते.

(दृश्य: धावफलक. 24-24. चौथं सत्र.)

बरोबरी. क्लेमसनचा डिशॉन वॉटसन कुणाला आवरत नाहीये. त्या रात्री तो 405 यार्ड फेकणार आहे. तेवढ्यात अलाबामाचा किकर ॲडम ग्रिफिथ किकऑफला पुढे येतो. हाच तो ग्रिफिथ, ज्याची किक 2013 साली ऑबर्नविरुद्ध आखूड पडली होती आणि ऑबर्नच्या ख्रिस डेव्हिसने तिथूनच सामना पळवून नेला होता.

(दृश्य: ग्रिफिथची किक. चेंडू लांब न जाता कोपऱ्याकडे अलगद वर. अलाबामाचाच मार्लन हम्फ्री धावत येऊन झेलतो. कडेला उभे सेबन हसतात.)

सेबन हसताहेत. पुन्हा बघा. हे दृश्य सहसा मिळत नाही.

चेंडू अलाबामाकडेच राहिला. लगेच ओ. जे. हॉवर्डचा 51 यार्डांचा टचडाऊन. 31-24. क्लेमसनने तीन गुण काढले. 31-27.

आता किकऑफ क्लेमसनचा. आणि पाच यार्डांच्या रेषेपाशी उभा आहे सतरा नंबर.

(दृश्य: थांबवलेली चौकट. पडद्यावर खेळाडूंभोवती वर्तुळं.)

निवेदन:
इथे जरा थांबू, कारण पुढचं सगळं पंधरा सेकंदांच्या आत होतं.

किक 35 यार्डांच्या रेषेवरून सुटते. हवेत तिला चार सेकंद मिळाले तर धावत येणारे दहा जण जवळजवळ येऊन ठेपलेले असतात. झेलणाऱ्याला चेंडूवरची नजर काढता येत नाही, म्हणजे आपल्यावर काय चालून येतंय ते दिसत नाही. त्याच्या पुढचे दहा जण पाठमोरे धावत मागे येतात, वळतात आणि एकेकाला अंगावर घेतात. सगळ्यांना अडवणं शक्य नसतं. पळवाट एकच उघडते आणि क्षणभरच उघडी असते. धावणारा लवकर पोचला तर वाट उघडलेली नसते, उशिरा पोचला तर मिटलेली असते.

म्हणून झेल घेतल्यावरची पहिली चार पावलं बघा. तो जिवाच्या आकांताने पळत नाहीये. वाट शोधतोय.

(दृश्य: चौकट सुटते. मंद गती.)

आता.

(निवेदन नाही. ड्रेक फटीतून निसटतो, रेषेलगत येतो. शेवटचा पाठलाग करणारा मागून. ड्रेक हवेत झेपावतो. चेंडू धरलेला हात केशरी खांबाकडे. मूळ गतीत पुन्हा एकदा. गर्दीचा आवाज.)

95 यार्ड.

(दृश्य: तोच क्षण. हात, चेंडू, केशरी खांब. चौकट गोठते.)

मैदानाच्या कोपऱ्यातला हा खांब फोमचा असतो, हाताच्या धक्क्याने आडवा होतो. चार वर्षं रांगेत काढलेल्या माणसाने त्याला चेंडू लावण्यासाठी आख्खं शरीर हवेत सोडून दिलंय. हात मोडल्याला आठ आठवडे झालेत.

38-27.

(दृश्य: बाकावरून उड्या मारत धावणारे सहकारी.)

(निवेदन नाही.)

(दृश्य: अंतिम धावफलक. अलाबामा 45, क्लेमसन 40.)

निवेदन:
सामन्याचा आक्रमणातला मानकरी हॉवर्ड ठरला, 208 यार्डांचे झेल घेऊन. रास्तच होतं. हेन्रीने 36 धावांत 158 यार्ड आणि 3 टचडाऊन काढले. तेही खरंच.

पण वजाबाकी करून बघा. फरक 5 गुणांचा. ड्रेकच्या त्या एका धावेचे, वरच्या किकसकट, 7.

(दृश्य: हिरवळीवरचे तंबू. विटलेली सतरा नंबरची जर्सी घातलेला माणूस शेगडीवरचं मांस उलटतोय. मागे पडद्यावर जुना सामना चालू.)

निवेदन:
चार वर्षांची बेरीज: 233 धावा, 1495 यार्ड, दर धावेमागे 6.4, टचडाऊन 18. हेन्रीने एकट्या 2015 सालात यापेक्षा जास्त धावा घेतल्या. आकड्यांच्या वहीत ड्रेकचं पान पटकन उलटलं जातं. पण चाहत्यांची वही वेगळी असते. मोडलेला पाय घेऊन परत आलेला माणूस तिच्यात मोठ्या अक्षरात लिहिलेला असतो. आम्हाला वाटतं, हीच वही जास्त खरी आहे.

(दृश्य: घाईने बदलणारी चित्रं. निवडीचा मंच. मायामीची जर्सी.)

2016 ला व्यावसायिक लीगच्या निवडीत 73 वा क्रमांक, मायामी डॉल्फिन्स. तिथेही आधी जे अजायीच्या मागे. 9 डिसेंबर 2018 ला न्यू इंग्लंडविरुद्ध शेवटच्या सात सेकंदांत चेंडू हातोहात फिरून त्याच्याकडे आला, आणि तो टचडाऊनपर्यंत पळाला. 34-33. पुढच्या ऑक्टोबरात मायामीने त्याला ॲरिझोनाला देऊन टाकलं.

(दृश्य: ग्लेनडेल. तेच झाकलेलं स्टेडियम, दारावर नाव बदललेलं. कॅमेरा कोपऱ्यातल्या केशरी खांबावर.)

नव्या संघाकडून पहिला सामना, 31 ऑक्टोबर 2019. मैदान हेच. चेंडू त्याच्या पोटाशी दिला गेला 15 वेळा. यार्ड 110.

(दृश्य: ड्रेक पहिला चेंडू घेतो. आवाज हळूहळू वाढतो. पडदा काळा.)