हे कुठनं घेतलंत?

हा कागद जरा जवळनं बघा. आठशे वर्षांहून जुना आहे, जुन्या कैरोतल्या बेन एझ्रा सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, अडगळीच्या खोलीत सापडलेला. ओळी खोडल्यात, वर बारीक अक्षरात काहीतरी घुसवलंय, परत खोडलंय. हे अक्षर मोशे बेन मैमोन यांचं, ज्यू लोक त्यांना रामबाम म्हणतात आणि बाकीचं जग मैमोनिडीस. आणि हा कच्चा खर्डा आहे मिश्ने तोराचा, म्हणजे अख्खा ज्यू धर्मकायदा एकट्या माणसानं एका ग्रंथात बसवला त्या ग्रंथाचा.

आता ह्याची गरज काय पडली? तर ज्यू कायदा, हलाखा, मुख्यतः ताल्मूदमध्ये आहे, आणि ताल्मूद म्हणजे काही कलमवार लिहिलेला कायदा नव्हे. ती चर्चा आहे. एक रब्बी, म्हणजे धर्मपंडित, एक म्हणतो, दुसरा खोडून काढतो, मध्येच तिसरा गोष्ट सांगायला लागतो आणि पुष्कळदा निकाल लागतच नाही. बाबिलोनी ताल्मूदची नेहमीची छापील आवृत्ती २,७११ पानांची, त्यातही पान म्हणजे दोन्ही बाजू मिळून एक, आणि भाषा बरीचशी अरामी. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाला, दिवा लावायचा कसा एवढंच ज्याला विचारायचंय त्या माणसानं हे वाचायचं कधी?

रामबामचा जन्म ११३८ च्या सुमारास स्पेनमधल्या कोर्दोबाचा. ११४८ मध्ये अल्मोहाद ही कट्टर मुस्लिम राजवट आली आणि घर सुटलं, मग मोरोक्कोतलं फेझ, मग आक्रा बंदर, शेवटी इजिप्तमध्ये फुस्टाट, म्हणजे जुनं कैरो. तिथं धाकटा भाऊ दाविद रत्नांचा व्यापार करायचा, घर त्याच्यावर चालायचं आणि थोरला लिहीत बसायचा. हा दाविद हिंदुस्थानच्या वाटेवर असताना समुद्रात बुडाला. त्याच्याबरोबर स्वतःचे, भावाचे आणि इतरांचेही पैसे गेले, मागं बायको आणि लहान मुलगी राहिली. रामबाम जवळजवळ वर्षभर अंथरुणाला खिळले होते, आणि बऱ्याच वर्षांनी एका पत्रात लिहितात की त्याचं अक्षर दिसलं तरी काळीज हलतं. घर चालवायला मग वैद्यकी केली, सुलतान सलाहुद्दीनच्या दरबारापर्यंत पोचले. मला तर मिश्ने तोराची ती स्वच्छ, कडक वाक्यं वाचताना हा बुडालेला भाऊ आठवतोच.

ग्रंथाला लागली दहा वर्षं, रात्रंदिवस खपलो असं त्यांनीच लिहिलंय. चौदा भाग, सोपी हिब्रू, प्रार्थनेपासून खून, चोरी, शेती, जेरुसलेमच्या देवळातले बळी सगळं जागच्या जागी. प्रस्तावनेत तर सरळ म्हणतात की आधी तोरा, म्हणजे मोशेची पाच पुस्तकं, वाचा, मग हे वाचा, मधलं दुसरं पुस्तक लागणार नाही. आणि हा नियम कुठल्या पानावरनं घेतला, कुणाचं मत धरलं, कुणाचं सोडलं, ते नियमागणिक कुठंच सांगितलं नाही. निकाल तेवढा दिला.

इथंच ठिणगी पडली. दक्षिण फ्रान्समधले पोस्केरचे रब्बी अब्राहाम बेन दाविद, राबाद, ह्यांनी समासात सडकून टीका लिहिली. म्हणणं असं की आधीचे सगळे पुरावा द्यायचे, नाव घ्यायचे, न्यायाधीशाला ताडून बघता यायचं, आता मी माझं मत ह्या एका माणसासाठी का सोडू? मला राबादचं पटतं. आणि गंमत म्हणजे पुढं रामबामलाही ते पटलं असावं, कारण अलेक्झांड्रियाच्या न्यायाधीशाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी स्वतःच सांगितलंय की एक धर्मशील न्यायाधीश खुनाच्या कायद्याची पानं घेऊन आला, एका नियमावर बोट ठेवून विचारलं हे कुठनं घेतलंत, आणि मला आठवेना. शोधूनही मिळेना. तो निघून गेल्यावर सापडलं, ते ताल्मूदच्या घटस्फोटाच्या भागात, भलत्याच विषयाच्या ओघात आलेलं. मलाच सापडत नाही तर बाकीच्यांनी काय करायचं, असं वाटून मूळ आधारांचं वेगळं पुस्तक करायचं त्यांच्या मनात होतं. ते झालं नाही, १२०४ मध्ये ते गेले.

त्यांच्या उत्तरवयातल्या एका पत्रात हिंदुस्थानातल्या ज्यूंचाही उल्लेख आहे, त्यांना शब्बाथ आणि आठव्या दिवशीची सुंता एवढंच ठाऊक आहे असा, आणि काही अभ्यासक तो कोकणातल्या बेने इस्राएलांशी जोडतात. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनवार तेली म्हणायचे ते हेच लोक.

मूळ आधार शोधायचं काम साडेतीनशे वर्षांनी योसेफ कारो यांनी वेगळ्या वाटेनं केलं. लहानपणीच स्पेनमधनं हाकललेले हे कारो पुढं गालीलमधल्या सफेदला स्थायिक झाले. त्यांनी आधी बेत योसेफ लिहिलं, वीस वर्षं घालून, प्रत्येक नियमाचं मूळ आणि त्यावरची सगळी भांडणं दाखवत. मग त्याचा सार काढला, शुल्हान आरुख, म्हणजे मांडून ठेवलेलं जेवणाचं टेबल, १५६५ मध्ये व्हेनिसला छापलं. पोलंडमधल्या क्राकोचे मोशे इस्सेर्लेस म्हणाले टेबल छान आहे पण आमच्याकडची रीत ह्यात नाही, म्हणून त्यांनी टिपणं लिहिली आणि नाव दिलं माप्पा, टेबलावरचं कापड.

आज कुठलीही प्रत उघडा, दोघंही एकाच पानावर आहेत. पेसाहचा, म्हणजे आंबवलेलं धान्य वर्ज्य असलेल्या वल्हांडण सणाचा भाग काढा. कारो लिहितात भात चालतो, आणि लगेच पुढं बारीक, वेगळ्या वळणाच्या टायपात इस्सेर्लेस: आमच्याकडे खात नाहीत.