दोन नॅनोमीटर म्हणजे नेमकं काय?

मित्रहो, मे २०२१ मध्ये आयबीएमने न्यूयॉर्क राज्यातल्या अल्बनीच्या प्रयोगशाळेतली 'दोन नॅनोमीटर' चिप जाहीर केली (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जावा भाग). नखाएवढ्या जागेत ५० अब्ज ट्रान्झिस्टर, म्हणजे वीज चालू-बंद करणारे सूक्ष्म स्विच! काम खरोखर मोठं होतं. पण संगणकाच्या बातम्या देणं हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांच्यातल्या कित्येकांनी छापलं की ट्रान्झिस्टर आता डीएनएच्या धाग्याहून बारीक झाला.

हे साफ चूक आहे. त्या ट्रान्झिस्टरच्या गेटची, म्हणजे वीज चालू-बंद करणाऱ्या भागाची, लांबी १२ नॅनोमीटर होती आणि ती आयबीएमनेच सांगितली होती. एका गेटपासून शेजारच्या गेटपर्यंतचं अंतर तर ४४ नॅनोमीटर. चिप ज्याची बनते त्या सिलिकॉनच्या स्फटिकाचा एकक घन, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा सर्वांत छोटा तुकडा, ०.५४ नॅनोमीटरचा असतो. म्हणजे दोन नॅनोमीटरच्या लांबीत असे चार घनसुद्धा ओळीने बसत नाहीत. तिथे अख्खा ट्रान्झिस्टर कसा मावेल, एवढी शंका तरी बातमी लिहिताना यायला नको का? मला याचा राग येतो, कारण खरी माहिती दडवलेली नव्हती, समोरच होती.

१९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चिपच्या नावातला नॅनोमीटरचा आकडा गेटच्या लांबीशी बऱ्यापैकी जुळायचा. पुढे दोघांची फारकत झाली. पिढी बदलली की आधीच्या आकड्याला साधारण ०.७ ने गुणायचं, हा रिवाज मात्र चालू राहिला. त्यामागे हिशेब होता : लांबी आणि रुंदी दोन्ही ०.७ पट झाल्या की क्षेत्रफळ निम्मं होतं आणि तेवढ्याच जागेत दुप्पट ट्रान्झिस्टर बसतात. नंतर घनता वाढवायला फक्त आकार कमी करणं पुरेना. ट्रान्झिस्टर उभा केला, पात्यासारखा. इंटेलची अशी २२ नॅनोमीटरची चिप २०१२ मध्ये बाजारात आली. रचना बदलली, आकड्यांची उतरंड तशीच राहिली. आज तो आकडा पिढीचं नाव आहे, माप नाही.

यातून नुकसान कसं होतं बघा. इंटेलची '१०' नॅनोमीटर आणि तैवानच्या टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीची '७' नॅनोमीटर, या चिप बनवण्याच्या प्रक्रियांची घनता जवळपास सारखी, दर चौरस मिलिमीटरला दहा कोटी ट्रान्झिस्टरच्या आसपास. तरीही फक्त आकडे शेजारी ठेवून इंटेलची प्रक्रिया एक पिढी मागची ठरवली गेली. इंटेलची ती प्रक्रिया कित्येक वर्षं रखडली, ही खरी बातमी होती आणि तिच्यावर टीका व्हायलाच हवी होती. पण ती वेळापत्रकाची गोष्ट, मापाची नव्हे. शेवटी जुलै २०२१ मध्ये इंटेलने '१०' च्याच सुधारित आवृत्तीचं नाव 'इंटेल ७' ठेवलं.

माझी मागणी मोठी नाही. चिपच्या बातमीत नॅनोमीटरचा आकडा द्या, पण शेजारी गेटमधलं अंतर, ट्रान्झिस्टर जोडणाऱ्या सर्वांत खालच्या थरातल्या धातूच्या तारांमधलं अंतर आणि ट्रान्झिस्टरची घनताही द्या. कंपनीने ही माहिती सांगितली नसेल, तर 'कंपनीने सांगितली नाही' असं छापा.