दोरा ताणला की लंडन किती लांब?
(पेडण्यातल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, हा पृथ्वीचा गोल शाळेतून मागून आणलाय. हिंदी महासागरात पोचा आहे, तेवढा चालवून घ्या. आणि हा शिवणाचा दोरा. एक टोक आपल्या मोपा विमानतळावर, दुसरं लंडनच्या गॅटविक विमानतळावर. आता ताणतो.

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवलीत तर रेघ आखातावरून, सीरियावरून जाते. दोरा बघा कुठून गेला: मकरानचा किनारा, तेहरान, जॉर्जियातलं बाटुमी, काळा समुद्र, ओडेसा. चांगलाच उत्तरेला सरकला. गोल वस्तूवर जवळची वाट ही अशीच असते. दोऱ्याची लांबी साधारण साडेसात हजार किलोमीटर. मोबाइलवर ‘गोवा ते लंडन’ विचारलंत की जो आकडा येतो, तो हाच.

आता गंमत अशी, की या दोऱ्यावरून विमान नेता येत नाही. 24 फेब्रुवारी 2022 पासून युक्रेनचं आकाश प्रवासी विमानांना बंद आहे, म्हणजे ओडेसा गेलं. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना वाट बंद केली, म्हणजे मकरानही गेलं. इराणचा भरवसा तर रोजच्या बातम्या वाचून धरायचा. वैमानिक वळसा घालतो, आणि वळशाला इंधन लागतं, वेळ लागतो. मोबाइलमधल्या आकड्याला यातलं काही ठाऊक नसतं.

मघाशी एक काकी विचारत होत्या, ‘‘मुलगा इंग्लंडात स्विंडनला असतो. जाताना म्हणतो दहा तास, येताना म्हणतो नऊ. वाट तीच ना?’’ काकी, मुलगा खरं बोलतो. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा जबरदस्त झोत वाहतो, थंडीत जास्तच. विमानाचा वेग ताशी नऊशे धरा आणि वाटभर सरासरी पन्नासचा वारा धरा. जाताना तो तोंडावर, उरले साडेआठशे. येताना पाठीशी, झाले साडेनऊशे. साडेसात हजारांना भागून बघा, इथेच तासाभराचा फरक निघतो.

आणि तिकिटावरच्या वेळांची वजाबाकी कृपा करून करू नका. दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या. समजा दुपारी एकला निघालात, संध्याकाळी साडेसहाला उतरलात. साडेपाच तास? छे! उन्हाळ्यात लंडन आपल्या साडेचार तास मागे, म्हणजे झाले दहा. हिवाळ्यात ते साडेपाच तास मागे जातं, तेव्हा त्याच वेळांचे अकरा होतील. वर हा वेळ नुसता हवेतला नव्हे. विमानाचं चाक इथे हललं तिथपासून तिकडे जागेवर थांबेपर्यंतचा.

आपल्याकडे आणखी एक घोळ आहे. गोव्याला विमानतळ दोन. 2023 च्या जानेवारीत मोपा सुरू झाला आणि दाबोळीही चालूच राहिला. सरळ रेषेत दोघांत चाळीसेक किलोमीटर. लंडनच्या हिशेबात ते कुठे दिसतही नाहीत. आपण पेडणेकर तर मोपाच्या दारातच.

हेच मी मडगावला सांगत होतो, तर मागून काणकोणचे एक गृहस्थ उठले. म्हणाले, ‘‘सर, तो दोरा जरा आमच्या घरापासून लावा. मोपापर्यंतच अडीच तास मोडतात. वाटेत जुवारी, मांडवी दोन्ही पुलांवर गर्दी. त्यात विमानाच्या तीन तास आधी हजर व्हायचं. लंडन आम्हाला साडेपंधरा तास!’’

मी दोरा त्यांच्या हातात दिला.