खाण येण्याआधी विहीर मोजा

नमस्कार श्रोतेहो!

विहिरीवरून जाताना आत डोकावून पाहायची सवय विहिरीचं पाणी पिणाऱ्या प्रत्येकाला असते. अशाच एखाद्या विहिरीजवळ रेती-खडीची खाण सुरू होणार असेल, तर आजचं हे बोलणं तुमच्यासाठी आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२२च्या अहवालानुसार जगात वर्षाला सुमारे ५० अब्ज टन वाळू आणि खडी वापरली जाते. घरं, रस्ते, पूल बांधायचे तर ती लागणारच. पण जमिनीखालचा वाळू-गोट्यांचा थर हाच पाण्याचाही साठा असतो. गोट्यांच्या फटींत पाणी मुरतं, तिथूनच सरकत सरकत विहिरीच्या झऱ्याला येतं. खाणीला जो माल हवा आहे, त्याच्याच पोटात आपलं पाणी आहे.

खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला आणि तो कोरडा ठेवायचा असला, की पंप चालू होतात. मग भोवतालचं पाणी खड्ड्याकडे ओढलं जातं. खड्ड्याजवळ पातळी सर्वांत खाली जाते, लांब जावं तशी घट कमी होते. जवळच्या उथळ विहिरींना पहिला फटका बसतो. उपसा थांबला की पातळी बहुधा सावरते, पण तोवर त्या घरांनी प्यायचं काय?

कधी कधी उपसा न करता पाण्यातूनच माल काढतात. तिथे तळं होतं. भूजलाला उतार असतो, तळ्याचं पाणी मात्र सपाट. त्यामुळे वरच्या अंगाच्या विहिरींचं पाणी उतरतं आणि खालच्या अंगाच्या विहिरींचं चढू शकतं. एकाच खाणीचे दोन शेजारी उलटसुलट तक्रारी करतात, आणि दोघंही खरं बोलत असतात.

पाणी गढूळ होणं डोळ्यांना तरी दिसतं. मला जास्त काळजी वाटते ती वरची माती निघून गेल्याची. पावसाचं पाणी गाळून खाली सोडणारी ती गाळणीच असते. ती गेली, की सांडलेलं डिझेल भूजलात उतरायला फारसा अडसर राहत नाही. विहिरीच्या पाण्याला तेलाचा वास आला तर ते पिणं ताबडतोब थांबवा. उकळून ते शुद्ध होत नाही. बंद पडलेल्या खाणीच्या खड्ड्यात कचरा टाकणं तर विहिरीत टाकण्यासारखंच.

तक्रार केली की ठरलेलं उत्तर मिळतं: पाऊस कमी झाला, म्हणून विहीर आटली. ते खोडायला आधीच्या नोंदी लागतात. म्हणून खोदकामाआधी निदान एक पूर्ण वर्ष पातळी मोजा, म्हणजे ऋतूंचा चढउतारही नोंदला जाईल. पाणी प्रयोगशाळेत तपासून अहवाल जपून ठेवा.

मोजणं सोपं आहे. सकाळी, पंप लावण्याआधी, मोजपट्टीच्या शून्याकडच्या टोकाला स्वच्छ वजन बांधा. शेवटच्या मीटरभर भागाला खडू फासा आणि ते टोक पाण्यात बुडेपर्यंत सोडा. कठड्यावर कायमची खूण करा आणि पट्टीवरचा एक पूर्ण आकडा तिच्याशी जुळवा. वर ओढल्यावर खडू जिथपर्यंत भिजला असेल, तो आकडा त्यातून वजा करा. पाणी किती खोल आहे ते कळेल. तारखेसह वहीत लिहा, आणि शेजाऱ्यांच्या विहिरीही त्याच सकाळी मोजून घ्या.