दहावीची सांख्यिकी आणि एकत्र अभ्यास

सभागृहात जमलेल्या पालकांना, शिक्षकमित्रांना आणि पुढच्या रांगांत वह्या घेऊन बसलेल्या दहावीच्या मुलामुलींना माझा नमस्कार. तीस वर्षांहून अधिक काळ मी ठाण्यात गणित शिकवले. निवृत्तीनंतर कळव्यात आमच्या सोसायटीच्या कार्यालयात संध्याकाळी काही मुले अभ्यासाला जमतात, त्यांच्यासोबत मी बसतो. सांख्यिकीचा अभ्यास चौघांनी मिळून करावा, असे शिक्षक सांगतात आणि पालकही सांगतात. परंतु मिळून म्हणजे नेमके कसे, हे फारसे कोणी सांगत नाही, आणि ते न सांगितल्यामुळे काय होते याचा एक अनुभव माझ्या मनाला अजून टोचतो.

ज्या शाळेत मी तेव्हा होतो, तिथे पूर्वपरीक्षेचे पेपर तपासताना पाच उत्तरपत्रिकांत मध्यकाच्या, म्हणजे चढत्या क्रमात मधोमध येणाऱ्या किमतीच्या, उदाहरणात एकच चूक आढळली. आकड्यांचे गट, म्हणजे वर्ग, पाडले की मध्यक ज्या वर्गात येतो तो मध्यकीय वर्ग. सूत्रात त्याच्या आधीच्या वर्गाची संचित वारंवारता, म्हणजे तिथपर्यंतची एकूण संख्या, घ्यायची असते. या पाचही जणांनी मध्यकीय वर्गाचीच घेतली होती. मी त्यांना कॉपीच्या संशयावरून बोलावले आणि नको तितके रागावलो. नंतर कळले की त्यांनी परीक्षेत एकमेकांचे काहीही पाहिले नव्हते. महिनाभर ती मुले एकाच वहीवरून अभ्यास करत होती आणि त्या वहीत ती चूक होती. पाच डोकी एकत्र बसली होती, पण विचार एकाच डोक्याने केला होता. त्या चुकीने येणारे उत्तर मध्यकीय वर्गाच्या बाहेर पडते, म्हणजे ते चूक आहे हे नुसत्या नजरेने कळावे. तरीही पाचांपैकी एकाचेही तिकडे लक्ष गेले नाही, कारण बाकीच्या चौघांचे उत्तर तेच येत होते. उत्तरे जुळणे हाच त्यांना बरोबर असल्याचा पुरावा वाटला. त्या मुलांवर मी अन्याय केला, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांना एकत्र अभ्यास कसा करतात हे मी कधी शिकवलेच नव्हते.

म्हणून कळव्यातल्या गटाशी बोलताना मी पहिल्याच दिवशी पाठ्यपुस्तक बाजूला ठेवायला सांगितले आणि त्यांच्या वर्गातल्या ४० जणांना घरून शाळेत पोहोचायला किती मिनिटे लागतात, ते विचारून आणायला सांगितले. कोणी खारीगावातून चालत येते, कोणी विटाव्याहून रिक्षाने, तर दोन-तीन मुले मुंब्र्याहून लोकलने. त्यांनी आणलेली सारणी अशी होती: ० ते १० मिनिटांत ६ विद्यार्थी, १० ते २० मध्ये १२, २० ते ३० मध्ये १०, ३० ते ४० मध्ये ७ आणि ४० ते ५० मध्ये ५.

आता मध्य, म्हणजे सरासरी, काढायचा. मी नियम एकच घातला: दोघांनी मिळून एक उदाहरण करायचे, पण गृहीत मध्य, म्हणजे सोयीसाठी आधी धरलेली सरासरी, वेगवेगळा घ्यायचा आणि शेवटची ओळ येईपर्यंत एकमेकांची वही पाहायची नाही. एकाने २५ गृहीत धरला. त्याच्या विचलन (वर्गाच्या मधल्या आकड्याचा गृहीत मध्यापासूनचा फरक) आणि वारंवारता (त्या वर्गातली संख्या) यांच्या गुणाकारांची बेरीज उणे ७० आली, तिला ४० ने भागून उणे १.७५, आणि मध्य २३.२५. समोरच्या मुलीने १५ गृहीत धरला. तिची बेरीज ३३० आली, सरासरी विचलन ८.२५, आणि मध्य पुन्हा २३.२५. वाटेतला एकही आकडा जुळत नव्हता आणि शेवटचा जुळला. अशा जुळण्याला वजन असते. तिसऱ्या जोडीतल्या मुलाचे उत्तर २६.७५ आले. त्याच्या जोडीदाराला चूक कुठे आहे हे ठाऊक नव्हते, पण चूक आहे एवढे दोघांनाही तत्काळ कळले, आणि दहा मिनिटांच्या शोधानंतर उणे १.७५ मधले उणे चिन्ह शेवटच्या ओळीत गळल्याचे सापडले. त्या मुलाने ती ओळ लाल शाईने पुन्हा लिहिली. सुटलेली चिन्हे हीच या प्रकरणातली सर्वांत जास्त गुण खाणारी गोष्ट आहे, आणि तोच गृहीत मध्य घेऊन, त्याच वहीत पाहून ती सापडणे फार कठीण असते. कॅल्क्युलेटर परीक्षेत चालत नाही, तेव्हा ही सवय हातालाच लागली पाहिजे.

ही कल्पना माझी नाही. आपल्या देशात सांख्यिकीचा पाया घालणारे प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा जन्म २९ जून १८९३ चा. त्याच वर्षी आपल्या ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय सुरू झाले, हे मला या शहरात उभे राहून सांगावेसे वाटते. महालनोबिसांनी १९३१ मध्ये कोलकात्याला भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली, आणि त्यानंतर बंगालमध्ये तागाच्या पिकाखाली किती जमीन आहे याची नमुना पाहणी हाती घेतली. शेतोशेती जाऊन नोंद करणारा माणूस चुकू शकतो, कंटाळू शकतो, अंदाजपंचे आकडा टाकू शकतो. यावर त्यांनी असा उपाय केला की एकाच भागातून दोन स्वतंत्र नमुने घ्यायचे, ते दोन वेगळ्या तुकड्यांकडे द्यायचे आणि दोन्हींचे निष्कर्ष शेजारी ठेवायचे. निष्कर्ष जवळ आले तर विश्वास वाढतो. फार लांब राहिले तर काम कुठेतरी बिघडले आहे हे कळते. तुकड्यांनी आपसांत बोलून आकडे जुळवले तर सगळी पद्धतच निकामी होते. त्यांचा जन्मदिवस २००७ पासून आपण सांख्यिकी दिन म्हणून पाळतो. त्या दिवशी शाळांमधून त्यांची माहिती वाचून दाखवली जाते, पण त्यांची ही युक्ती दहावीच्या वहीत उतरवता येते, हे मुलांना सांगितले जात नाही.

मध्यकाचे सूत्र पाठ करून घेण्याऐवजी मी या ४० जणांना, लागणाऱ्या वेळेच्या चढत्या क्रमाने, मनातल्या मनात रांगेत उभे करायला सांगितले. पहिल्या दोन वर्गांत १८ जण संपले. ४० जणांच्या मध्यावर, म्हणजे विसाव्या मुलापर्यंत, जायला पुढच्या वर्गात दोन पावले टाकायची. त्या वर्गात १० जण १० मिनिटांत सारख्या अंतराने उभे आहेत असे मानले, तर दोन पावले म्हणजे दोन मिनिटे, म्हणून मध्यक २२. एकदा हे दिसले की आधीच्या वर्गाचीच संचित वारंवारता का घ्यायची, हा प्रश्न उरत नाही. बहुलकाचे, म्हणजे सर्वांत जास्त वेळा येणाऱ्या किमतीचे, उत्तर १७.५ आले, त्यावर फार वेळ घालवला नाही.

खरी झटापट झाली ती वेगळ्याच ठिकाणी. खारीगावातल्या मुलीच्या लक्षात आले की २० ते ३० या वर्गातल्या १० जणांपैकी ७ जणांनी नेमके ‘वीस मिनिटं’ असे सांगितले होते. वरची सीमा त्या वर्गात धरायची नाही, म्हणून वीस हा आकडा पुढच्या वर्गात जातो, हे तिला पाठ होते. तिचा प्रश्न होता, “सर, पण कोणी घड्याळ लावून मोजतं का? अठरा मिनिटं लागली तरी आपण वीसच म्हणतो.” मग त्या सात जणांना मागच्या वर्गात टाकून पाहू, असे दुसरा म्हणाला, आणि दोन जोड्यांनी पुन्हा वेगवेगळ्या वाटांनी गणित केले. मध्य २३.२५ वरून २१.५ वर आला. मध्यक मात्र २२ वरून सुमारे १७.४ वर उतरला. पाठ्यपुस्तकात मध्यक हा टोकाच्या आकड्यांनी न हलणारा म्हणून त्यांनी वाचला होता. इथे तोच मध्यापेक्षा जास्त हलला, कारण हे सात जण टोकाला नव्हते, अगदी रांगेच्या मध्यावर होते. त्यावर पाऊण तास वाद झाला. मी एकदाही मध्ये बोललो नाही, आणि शिक्षक म्हणून इतके समाधानाचे पाऊण तास मला क्वचितच लाभले आहेत.

परीक्षेत अर्थातच नियमाप्रमाणे वीस पुढच्या वर्गातच घ्यायचे, हे मी त्यांना बजावले. गणित भाग १ चा पेपर ४० गुणांचा आणि दोन तासांचा असतो. तिथे वाद घालायला वेळ नसतो. पालकांना विनंती आहे की मुले एकत्र बसली असताना घरातून आवाज चढलेले ऐकू आले, तर लगेच दार उघडून गप्प करू नका. कदाचित ती वर्गांच्या सीमांवरून भांडत असतील.

त्या गटाचा पेपर झाला त्या दिवशी मी शाळेच्या फाटकापाशी गेलो होतो. बाहेर पडणारी बहुतेक मुले एकमेकांना ‘तुझं उत्तर किती आलं?’ असे विचारत होती. आमची खारीगावची मुलगी पॅड बगलेत धरून जोडीदाराला गाठायला धावत गेली, आणि मला तिचे शब्द स्पष्ट ऐकू आले, “तू कोणता मध्य गृहीत धरलास?”